एक, सहा, अकरा

माजरीची हवा कधी रिकामी नसते. खाणीवरून येणारी कोळशाची बारीक धूळ राऊटरच्या पाठीवरही बसते. बोट फिरवलं की खालचा पांढरा रंग दिसतो. पण याच हवेत एक न दिसणारी गर्दीही असते. क्वार्टरला क्वार्टर लागून. मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, की आडनावांची, देवांची, लेकरांच्या नावांची नेटवर्कं एकाखाली एक हजर. संध्याकाळी पाळी सुटते, घरोघरी पडदे उजळतात आणि भिंतीपलीकडून विचारणा होते, "काऊन जी भाऊ, तुमचं नेट चालते का?"

दोष दरवेळी तारेचाच नसतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून घरगुती वापराला परवान्याविना खुला आहे. वाय-फाय तिथे, ब्लूटूथ तिथे, मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच. चॅनल म्हणायला १३. पण लगतच्या दोघांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एकेकाचा पसारा २०चा. एकमेकांच्या अंगावर न येणारी सोयीची तीनच: १, ६, ११.

माजरीसारख्या जंक्शनच्या गावाला पुढचं समजायला सोपं. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. राऊटरही आधी कानोसा घेतो. त्याच चॅनलवर शेजारी बोलत असेल, तर थांबतो. थोडा वेळ जातो, काम होतं. खरा घोळ घालतो तो ३ किंवा ४ वर बसलेला. त्याला दोन्हीकडचं बोलणं उमगत नाही, नुसता कल्ला ऐकू येतो. त्याचं बोलणंही इतरांना कल्लाच. निरोप अर्धवट पोचतात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि दाटी आणखी वाढते.

४० मेगाहर्ट्झची रुंदी घेणं म्हणजे या दाटीत पाय पसरणं, २० पुरे. टीव्ही राऊटरच्याच खोलीत असेल, तर तो ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. तिथे जागा ऐसपैस, फक्त भिंती ओलांडताना तिथला सिग्नल लवकर थकतो. राऊटर लोखंडी कपाटाआड किंवा कूलरला खेटून ठेवू नये; पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं.

एकट्याच्या सेटिंगनं मात्र भागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी शेजारी नेटची विचारपूस करायला आला, की त्याला आत बोलावा आणि १ कोणाचा, ६ कोणाचा, ११ कोणाचा, एवढं चहा होईस्तोवर ठरवून टाका.