होलाशोविट्से : तेव्हाचं आणि आताचं

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमियातल्या होलाशोविट्से गावात आज उन्हाळ्यात बसगाड्या भरून माणसं येतात. चेस्के बुड्येयोवित्से शहरापासून हे गाव पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. सगळं गाव एका लांबट हिरव्या चौकाभोवती बसलंय. चौक २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. त्यात एक तळं, जुनी लोहारशाळा आणि १७५५ मध्ये बांधलेलं संत यान नेपोमुकचं इवलंसं प्रार्थनामंदिर. भोवती तेवीस शेतकऱ्यांची घरं, खांद्याला खांदा लावून उभी. १९९८ मध्ये युनेस्कोनं गावाला जागतिक वारशात घेतलं.

ही घरं रस्त्यावरून एकेक करून पाहावीत. प्रत्येकाच्या दोन त्रिकोणी भिंती चौकाकडे तोंड करून असतात, वरच्या कडेला वळणावळणाची नक्षी. एकीमागे राहतं घर, तर दुसरीमागे बहुधा धान्याचं कोठार. दोन्हींच्या मधे कमानीचं दार. गाडीसाठी मोठं, माणसासाठी शेजारी छोटं. आपल्या वाड्याच्या दिंडी दरवाजाची आठवण यावी असं. आत अंगण, मागे गोठे, त्यामागे खळ्याचं कोठार, मग परसबाग आणि थेट शेत. भिंती फिक्या पिवळ्या, गुलाबी, हिरवट. माथ्यावर गिलाव्यात घर बांधल्याचं साल, बहुतेक एकोणिसाव्या शतकातलं. १८४८ मध्ये वेठबिगारी संपली, जमीन शेतकऱ्याची झाली, हातात दोन पैसे आले. मग शहरातल्या चर्चवर आणि हवेल्यांवर पाहिलेली नक्षी गवंड्यांनी गोठ्याकोठारांच्या घरांवर चढवली. शहरात ती शैली जुनी होऊन शंभर वर्षं लोटली होती. इथे ती नव्या मालकीच्या अभिमानानं उभी राहिली. मला या गावातलं सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर तो हा अभिमान.

तो कुणाचा होता, हे मात्र रंगीत भिंती पाहताना सहज विसरायला होतं. १२६३ च्या कागदात गावाचं नाव पहिल्यांदा येतं. १२९२ मध्ये राजा दुसरा वाक्लाव यानं ते विश्शी ब्रोदच्या सिस्टर्शियन मठाला दिलं आणि साडेपाचशे वर्षं ते मठाकडेच राहिलं. १५२० ते १५२५ या काळात प्लेगनं गाव धुऊन नेलं. मागे उरली फक्त दोन माणसं. मग मठानं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडून माणसं आणून वसवली. त्यांच्याच वंशजांनी पुढे ही जमीन कसली. १८९५ मध्ये इथे १५७ जर्मन भाषक होते आणि १९ चेक.

त्यांचा चौक आजच्यासारखा शांत हिरवळीचा नव्हता. तो कामाचा होता. गुरं तळ्यावर यायची, आग लागली तर पाणी तिथूनच उपसायचं, गवतानं लदलेल्या गाड्या कमानीतून आत शिरायच्या, लोहाराच्या ऐरणीचा आवाज गावभर जायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळं थांबलं. नाझी अंमलाची सहा वर्षं सोसलेल्या चेकोस्लोव्हाकियानं जवळजवळ तीस लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर काढलं. होलाशोविट्सेही त्यातून सुटलं नाही. घरं ओस पडली, अनेकांची पडझड झाली. साम्यवादी राजवटीत शेतीचं सामूहिकीकरण झालं आणि खासगी कोठारांची गरजच उरली नाही. आडबाजूचं, मोडकळीला आलेलं गाव. तिथे जुनं पाडून नवं बांधायला कुणी आलं नाही. म्हणून ते टिकलं. १९९० नंतर डागडुजी झाली आणि ओळीच्या ओळी पुन्हा रंगल्या.

आता काही अंगणांत पाहुण्यांच्या खोल्या आहेत, खानावळी आहेत, एका वाड्यात शेतकऱ्याच्या जुन्या घराचं संग्रहालय आहे. जुलैत भरणाऱ्या शेतकरी उत्सवात कारागीर चौकात दुकानं मांडतात. वस्ती दीडशेच्या आसपास. ती मंडळी घरं जिवापाड जपतात आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण 'जसंच्या तसं राहिलेलं गाव' हे पर्यटकांच्या तोंडचं कौतुक मला पटत नाही. भिंती राहिल्या, त्या बांधणाऱ्यांची वंशावळ तुटली. या गावाचं देखणेपण आणि त्याचं दुःख एकाच कारणातून आलंय.

प्रागहून चेस्की क्रुमलोवला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी वाट थोडी वाकडी करावी आणि इथे अर्धा दिवस काढावा. चौकात छायाचित्रं घ्याच. पण नंतर घरांच्या मागच्या बाजूलाही जा, कोठारांपलीकडे शेतांपर्यंत, आणि माथ्यावरची सालं वाचताना ती कोरवून घेणाऱ्यांची आठवण ठेवा.