रोडग्यांच्या पंगतीत बोललास ते

कारंजा लाड,
रविवार, रात्री

चि. सुहास,


वाशीमला रोडग्यांच्या पंगतीत तू म्हणालास, "अणुबॉम्बची गुपितं विकणाऱ्याला खटला कशाला? सरळ लटकवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाढत होते, म्हणून गप्प राहिले. पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. काहून रे असं बोललास?

रोझेनबर्ग नवराबायकोचा दाखला तूच दिलास. १९ जून १९५३ ला अमेरिकेनं दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. ज्यूलियस रशियासाठी हेरगिरी करत होता, हे मी नाकारत नाही. पण एथेल? तिनं टिपणं टाइप केली, अशी साक्ष सख्ख्या भावानं दिली, आणि म्हातारपणी कबूल केलं की आपल्या बायकोला वाचवायला खोटं बोललो. तिची पोरं १० आणि ६ वर्षांची होती. ज्यानं बॉम्बची खरी माहिती पुरवली, त्या क्लाउस फुक्सला इंग्लंडात १४ वर्षांची कैद झाली. तो नऊ वर्षांत सुटला.

आता आपले कुलभूषण जाधव आठव. पाकिस्ताननं हेर ठरवून, लष्करी कोर्टात बंद दाराआड खटला चालवून २०१७ च्या एप्रिलात फाशी सुनावली. डिसेंबरात आई भेटायला गेली तर मध्ये काच, आणि लेकाशी मराठीत बोलायची बंदी. त्या रात्री फोनवर तुझा आवाज फुटत नव्हता. नागपुरात वाढलेल्या हरीश साळव्यांनी एक रुपया घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात त्यांची बाजू मांडली, २०१९ च्या जुलैत शिक्षेचा फेरविचार करा असा निकाल आला, तेव्हा पेढे तूच आणलेस. तिकडेही कोणी जेवता जेवता 'खटला कशाला' म्हणालंच असेल ना?

हेरगिरीच्या खटल्यात पुरावाच झाकलेला असतो. जे चारचौघांना दाखवता येत नाही, त्याच्या जोरावर जीव घ्यायचा नाही. आपल्या १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमध्येही जास्तीत जास्त १४ वर्षंच आहेत. कोर्टाचंच कशाला, वर्गात चोरीचा आळ आलेल्या पोरालासुद्धा आधी बोलू द्यावं. एकदा मी न ऐकताच छडी उचलली होती. पेन्सिल दुसऱ्याच्या दप्तरात सापडली, पण ते पोरगं पुन्हा शाळेत आलं नाही. रिसोडच्या बाजारात अजून मी त्याच्या वयाचे चेहरे बघत फिरते.

आणि तू स्वतः दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. पंगतीतून उठून तासभर फोनवर कोणाशी बोलत होतास? सुनंदा म्हणाली, कोणी मुलगी आहे, कधी भेटलेली नाही, तुझ्या कामाचं फार विचारते. गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटोही पाठवलास म्हणे. काय काय सांगितलंस तिला? मी रागावणार नाही. शनिवारी घरी ये, आणि तो फोन घेऊन ये.

तुझी,
आत्या