माझे दप्तर

विद्यार्थी मित्रांनो, 'दफ्तर' हा शब्द तुम्ही घरात नेहमी ऐकता. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत हाच शब्द 'दप्तर' झाला आणि त्याला आणखी अर्थ मिळाले. शाळेत जाणारी मुले पुस्तकांच्या पिशवीला दप्तर म्हणतात. जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहालाही दप्तरच म्हणतात. पुण्याचे पेशवे दप्तर तुम्ही इतिहासात वाचले असेल. तेथील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्या काळी कागद जपण्याची हीच रीत होती.

माझ्या पाठीवरच्या दप्तरात एक लॅपटॉप असतो. माझी पुस्तके, माझी कचेरी आणि माझे कागद या सर्वांचे ते एकच घर आहे. मी मुंब्र्याला राहते आणि कुर्ल्याच्या एका उर्दू शाळेत शिकवते. सुमारे दोन किलो वजनाचे हे यंत्र रोज माझ्याबरोबर लोकलने जाते आणि येते. त्यात तुमच्यासारख्या मुलांचे गुण आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, पाठांची टाचणे आहेत. आणखीही एक गोष्ट आहे. मी लहान असताना अब्बा दुबईत नोकरीला होते. तेथून ते अम्मीला उर्दूत लांबलचक पत्रे लिहीत. त्या पत्रांची छायाचित्रे मी काढून ठेवली आहेत. पुढे एका पावसाळ्यात छत गळले आणि मूळ पत्रांची शाई धुऊन गेली. आज अब्बाही नाहीत. त्यांचे अक्षर आता फक्त या छायाचित्रांतच पाहायला मिळते.

आता मला सांगा, अशी वस्तू घेऊन गर्दीत कसे शिरावे?

एखादी वस्तू जपायची, तर तिचे नाजूक भाग आधी ओळखावे लागतात. लॅपटॉपचा पडदा अतिशय पातळ असतो. गर्दीत पिशवी दाबली गेली, की तो दाब पडद्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मी चार्जर लॅपटॉपवर ठेवत नाही, त्याला वेगळा कप्पा देते. झाकण बंद करण्यापूर्वी कळफलकावर खडू किंवा पेन राहिले नाही ना, हे पाहते. लहानसा खडूही मध्ये सापडला, तर पडद्याला तडा जाऊ शकतो.

पिशवी घेताना तिचा तळ पाहावा. काही पिशव्यांमध्ये लॅपटॉपचा कप्पा थेट तळापर्यंत जातो. अशी पिशवी जमिनीवर टेकवली, की पहिला धक्का यंत्राच्या कोपऱ्याला बसतो. कप्पा तळापासून थोडा वर असावा आणि त्याला चारही बाजूंनी गादी असावी. माझ्या लॅपटॉपसाठी अम्मीने जुन्या रजईच्या कापडाची दुपदरी खोळ शिवून दिली. माप मात्र प्रत्यक्ष यंत्राचे घ्यावे. १५.६ इंची लॅपटॉप म्हटले, तर ते माप फक्त पडद्याचे आणि तेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असते. कडा धरून यंत्र त्याहून मोठे भरते.

निघण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा. नुसते झाकण मिटले, तर पुष्कळदा तो झोपलेला असतो, बंद झालेला नसतो. मध्येच जागा झाला, तर खोळीत कोंडून तापतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यातील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा त्याहून अधिक वेळा फिरतात आणि वाचणारा भाग त्यांच्या अगदी जवळून सरकतो. अशा वेळी धक्का बसला, तर चकतीवर ओरखडा पडतो आणि माहिती नष्ट होऊ शकते. नव्या यंत्रांतील एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, पण उष्णतेचा त्रास तिलाही होतोच.

पाणी हा तर मोठाच शत्रू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. रोज तेवढा पाऊस पडत नाही, पण लॅपटॉप बिघडायला एक वाटी पाणीही पुरते. जूनपासून मी खोळीवर जाड प्लॅस्टिकची पिशवी घालते आणि दप्तरावर पावसाळी आवरण चढवते. पाण्याची बाटली नेहमी बाहेरच्या कप्प्यात ठेवते. जेवणाचा डबा वेगळ्या पिशवीत असतो. आमच्या एका सहकारी सरांच्या दप्तरात डब्यातील डाळ सांडली. त्यांनी लॅपटॉप वरवर पुसला आणि चालतो का ते पाहण्यासाठी लगेच सुरू केला. आतील ओलाव्यामुळे तो कायमचा बंद पडला. यंत्र भिजले, तर ते ताबडतोब बंद करावे, चार्जर काढावा आणि जाणकाराकडे न्यावे. तोपर्यंत सुरू करून पाहू नये.

ऊनही काही कमी नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नये. उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते. ती फुगलेली दिसली, तर तिला दाबू नये, टोचू नये आणि ते यंत्र चार्जिंगलाही लावू नये.

लोकलमध्ये मी दप्तर पाठीवरून काढून पोटाशी घेते. बसायला जागा मिळाली, तर ते मांडीवर ठेवते. डोक्यावरच्या फळीवर ठेवलेले सामान उतरताना विसरते, शिवाय कुणी त्यावर जड पेटीही ठेवते. दप्तराच्या आत माझे नाव आणि फोन नंबर लिहिलेला आहे. रेल्वेत सामान राहिलेच, तर १३९ या क्रमांकावर कळवता येते.

एवढे करूनही चोरी होऊ शकते, अपघात होऊ शकतो. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी मी सर्व कामाची आणि अब्बांच्या पत्रांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेते. तो पेन ड्राइव्ह अम्मीच्या कपाटात असतो. तो दप्तरात ठेवला, तर काय उपयोग? दप्तर गेले, की दोन्ही जातील. लॅपटॉप हप्त्यांवर पुन्हा घेता येईल, पण अब्बांचे अक्षर कोणत्या दुकानात मिळेल?

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या हाती आज भावाचा किंवा बहिणीचा लॅपटॉप येत असेल, काहींच्या हाती उद्या येईल. त्याची किंमत कुणीतरी घाम गाळून दिलेली असते आणि त्यात कुणाचे तरी कित्येक दिवसांचे काम साठलेले असते. उर्दूत आपण जिला अमानत म्हणतो, तीच ही ठेव. ती सांभाळण्याची सवय मात्र लॅपटॉप येण्याची वाट पाहत नाही. आज रात्री स्वतःचे दप्तर उघडा आणि पाण्याची बाटली वह्यांशेजारी तर नाही ना, एवढे पाहा.