गिधाडांची पंगत

गिधाडांचे फोटो काढायला हिमालयात चाललो आहे असं सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोललीच नाही. ती शहाऐंशी वर्षांची आहे. ऐकू आलं नसेल म्हणून मी तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं.

"ऐकलं रे," ती म्हणाली. "त्यासाठी इतक्या लांब कशाला? आपल्या ओढ्याला बसायची की."

बसायची, हे खरं. 'बसतात' आणि 'बसायची' यांतला फरक तिच्या लक्षात होता की नव्हता, ते मी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

मुळात मी काही पक्ष्यांचा माणूस नव्हे. छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मोजायला घेतल्या, तर ते काम दहा मिनिटांत संपलं. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं म्हणून कॅमेरा घेतला आणि त्याला लावायला दुधी भोपळ्याएवढी एक लेन्स. लेन्सचं वजन दोन किलो. किंमत मी सौ.ला निम्मी सांगितली आहे, आणि त्या निम्म्यावरच तिनं दोन दिवस अबोला धरला होता.

तुंगनाथची कल्पना मेहुण्याची. आमचा मेहुणा सर्वज्ञ आहे. "दाजी, चिमण्या काढून काय मिळणार? काढायचं तर दाढीवालं गिधाड काढा. चोपत्याहून साडेतीन किलोमीटर चढलं की तुंगनाथ. बारा हजार फूट. तिथं ते डोक्यावरून जातं." बारा हजार फूट म्हणजे आपल्या सिंहगडाच्या जवळजवळ तिप्पट, हे त्यानं सांगितलं नाही. ते मला पायांनी सांगितलं.

ऑक्टोबरअखेर आम्ही तिघं निघालो. हृषीकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, ऊखीमठ आणि मग चोपता. त्या घाटरस्त्यांचं वर्णन करायला मला आवडलं असतं, पण देवप्रयागपासून पुढं मी डोळे मिटूनच बसलो होतो. सौ.नं आवळासुपारी पुरवली म्हणून चोपता दिसलं तरी.

चोपत्याला पोचलो आणि काय सांगू, पहिल्याच संध्याकाळी दैव उघडलं! समोरच्या उंच झाडाच्या शेंड्यावर एक शिकारी पक्षी. बाकदार चोच, करारी नजर. मी धावलो, म्हणजे त्या उंचीवर जे काही करता येतं ते केलं. बसलेला काढला, उडताना काढला, परत बसलेला काढला. तीनशेबारा फोटो झाले. अंधार पडल्यावर ढाब्यावरच्या पोराला, जो दुसऱ्या दिवशी आमचा वाटाड्या होणार होता, कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते अभिमानानं दाखवले.

"अंकलजी," तो अदबीनं म्हणाला, "ये तो चील है।"

घार! आमच्या पुण्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर रोज बसते ती. तिच्याकडे मी वर मान करूनही कधी बघितलं नव्हतं. सौ. काही बोलली नाही. तिनं फक्त शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला आणि एक मला दिला, आजारी माणसाला देतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढायला लागलो. फरसबंदी वाट आहे, बाजूनं खेचरं जातात. मी दर पन्नास पावलांवर निसर्गसौंदर्य बघायला थांबत होतो. या थांब्यांत मेहुण्याचं ज्ञानदान चालू असे. दाढीवालं गिधाड म्हणे मांसाच्या भानगडीत फारसं पडत नाही. बाकीच्यांचं जेवण उरकलं की ते येतं आणि हाडं नेतं. मोठं हाड असलं तर उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि तुकडे गिळतं. त्याच्या पोटातलं आम्ल एवढं जहाल, की हाड विरघळून जातं. स्पॅनिश लोकांनी त्याचं नावच 'हाडफोड्या' अशा अर्थाचं ठेवलं आहे. शिवाय त्याची छाती तांबूस दिसते ती जन्मजात नव्हे, लोहाच्या चिखलात लोळून ते स्वतः रंगवून घेतं.

"म्हणजे मेंदीच की," सौ. म्हणाली. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "रंगवायला काही असलं की रंगवतात."

यावरून मेहुण्याला इस्किलस आठवला. हा ग्रीक नाटककार इसवी सनापूर्वी ४५६ मध्ये सिसिलीत वारला. दंतकथा अशी, की एका गरुडाला कासव फोडायचं होतं. त्यानं वरून इस्किलसचं टक्कल बघितलं, त्याला तो गुळगुळीत खडक वाटला, आणि... "तो गरुड नसून दाढीवालं गिधाडच असावं असंही म्हणतात," मेहुणा म्हणाला. "काळजी करू नका दाजी, इथं कासवं नाहीत." मी माकडटोपी घातली. थंडी होतीच.

देवळाच्या अलीकडे एका वळणावर वाटाड्या थांबला आणि त्यानं खाली बोट दाखवलं. उतारावर गवतात आदल्या दिवशी कड्यावरून पडलेलं एक खेचर होतं, आणि भोवती हिमालयी गिधाडांची पंगत बसलेली. पंगतच म्हणायची. पुढची वाकून जेवत होती, मागची माना ताणून आपली पाळी कधी येते ते बघत होती. एकदोन जण पंख पसरून भांडत होते आणि एक म्हातारं लांब बसून नाराज होतं. आमच्याकडच्या लग्नात असतात तसंच सगळं. पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर, पण वागणं आमच्यासारखंच.

मी फोटो काढले. हात मात्र नीट चालेना.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं टाकायची जागा होती. लहानपणी आम्ही पोरं नाकाला सदरा लावून तिथली गिधाडं मोजायचो. पन्नासाच्या पुढं गेलं की मोजणी सोडून द्यायचो, कारण पुढचे आकडे चुकायचे. ती पांढऱ्या पाठीची गिधाडं. १९९६ च्या उन्हाळ्यात आमचा सर्जा पायानं अधू झाला. अठरा वर्षांचा बैल. वडील रात्री त्याच्याजवळ बसून राहायचे. गुरांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि औषध मी साताऱ्याहून आणलं, सुट्टी काढून, एसटीत मांडीवर धरून. बाटलीवरचं नाव लांबलचक होतं. ते मी वाचलं नाही. दुखणं थांबवणारं आहे, एवढं बस होतं. आणि दुखणं थांबलंही. शेवटचे चार दिवस सर्जा शांत होता. मग त्याला ओढ्यापलीकडे नेलं. पंगत बसली.

पुढं दोनतीन वर्षांनी गेलो तर ओढ्यावर नुसती कुत्री होती. आम्हाला वाटलं, गेली असतील कुठं दुसरीकडे. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की गुरांना वेदना थांबवायला देतात त्या डायक्लोफेनॅकनं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये. १९९२ ते २००७ या काळात देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णवांहून जास्त गेली होती. हे मी वर्तमानपत्रात वाचलं, चहा पिताना. त्या बाटलीवर तेच नाव होतं की दुसरं, हे आता कळायला मार्ग नाही. वडीलही गेले. बाटली धुऊन आईनं तिच्यात बरीच वर्षं एरंडेल ठेवलं होतं.

"अहो, वर!" सौ. ओरडली.

वर बघितलं तर ते आलंच होतं. दाढीवालं. कड्याच्या कडेनं, पंख न हलवता, तांबूस छाती, चोचीखाली काळी दाढी. आणि पायांत हाड! मी कॅमेरा उचलायला हवा होता. सहाशे मिलिमीटरची लेन्स, सेकंदाचा दोन हजारावा भाग, सगळं लावून तयार होतं. प्रत्यक्षात माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. त्या इस्किलसचं वाटोळं होवो. (झालंच म्हणा.)

हात खाली आणून बटण दाबलं तेव्हा पक्षी इतका जवळ होता, की लेन्सला तो मावेना. सतरा फोटो आले. सोळांत आकाश आहे. सतराव्यात पंखाची शेवटची चार पिसं आहेत, तीही काळी ठिक्कर, कारण पांढऱ्या आकाशापुढं उजेड वाढवून घ्यावा लागतो हे ऐन वेळी विसरलो.

"डोळ्याभोवतीचं लाल कडं बघितलंत?" सौ.नं विचारलं. तिनं कॅमेरा आणला नव्हता, त्यामुळे तिला सगळं दिसलं होतं.

परतल्यावर गावी गेलो. आईला खुर्चीत बसवून लॅपटॉप समोर धरला. पंगतीचा फोटो आला तशी ती पुढं वाकली आणि बोटानं पडद्यावर एकेक करून मोजायला लागली. दोनदा मोजलं.

"बावीस," ती म्हणाली. "आपल्याकडं जास्त असायची." मग बोट मधोमध ठेवून, "हे काय, बैल?"

"खेचर. पडलं कड्यावरून."

"अगंबाई." ती जरा गप्प बसली. "एकदम गेलं, की तळमळलं रे? काही औषधपाणी केलं होतं का त्याला कुणी?"

मी घाईघाईनं पुढचा फोटो लावला.

"ही घार," आई म्हणाली.