वडनेरच्या वंशावळी : जमीन, मजुरी आणि नोंद

शेतकरी कुटुंबाची वंशावळ मांडण्याचे काम महाराष्ट्रात आज कुतूहलापोटी क्वचित आणि गरजेपोटी बहुधा होते. जातवैधता प्रमाणपत्र मागणाऱ्या अर्जदाराला शपथपत्रावर आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ द्यावी लागते आणि तिच्यातील नात्यांना कागदाचा आधार दाखवावा लागतो. हा आधार इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० या मानीव दिनांकांच्या आधीचा असावा, अशी अपेक्षा असते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी दप्तर, कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे शब्द वर्तमानपत्रांत रोजचे झाले. विदर्भातल्या खेड्यांत मात्र ते त्याआधीपासून बोलण्यात होते, कारण शिष्यवृत्तीपासून सरपंचपदाच्या निवडणुकीपर्यंत अनेक कामांसाठी तहसील कचेरीच्या अभिलेखागाराची पायरी चढावीच लागे.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, काळ्या जमिनीचे आणि कापसाचे गाव आहे. या टापूतल्या शेतकरी-मजूर घराण्यांचे कागद मागे मागे वाचत गेल्यास एक क्रम वारंवार दिसतो : आजची पिढी नोकरीच्या किंवा मजुरीच्या शोधात, तिच्या आधीची दोन-चार एकरांची धनी, त्याआधीची सालगडी किंवा गिरणीकामगार, आणि त्याही मागची एखादी पिढी पुन्हा जमिनीवर, मालगुजाराचे कूळ म्हणून. पुढील विवेचन कोणा एका घराण्याचे नसून या क्रमाचे आहे, आणि हा क्रम कोणत्या कागदात सापडतो व कोठे हरवतो, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे.

लेखी पुराव्याचा सलग आरंभ बहुतेक घराण्यांसाठी १८६० च्या दशकात होतो. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, पुढच्याच वर्षी नागपुरातून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि लगोलग जमिनीचा बंदोबस्त, म्हणजे मोजणी करून दीर्घ मुदतीचा सारा ठरवण्याचे काम, हाती घेण्यात आले. या बंदोबस्ताने मालगुजारी पद्धत पक्की केली : गावाच्या साऱ्याची हमी घेणाऱ्या पाटलाला सरकारने गावाची मालकीच बहाल केली आणि तो मालगुजार झाला. बाकीच्या गावाची त्याच्याखाली उतरंड लागली. आपल्या तुकड्यावर स्वतंत्र मालकी राखलेला तो मालिक-मकबूजा, वंशपरंपरेने जमीन कसण्याचा हक्क मिळालेला तो मौरूसी, तसा हक्क नसलेले ते साधे कूळ, आणि कुळाकडून जमीन घेऊन कसणारा तो शिकमी. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते, त्याच्यासाठी जमाबंदीत, म्हणजे साऱ्याच्या नोंदवहीत, रकानाच नव्हता.

बंदोबस्ताच्या मिसलीतली, म्हणजे त्या गावाच्या मोजणी-आकारणीच्या दप्तरातली, एक ओळ जवळून पाहण्याजोगी असते. आरंभी शेताचा खसरा क्रमांक, मग क्षेत्र, मग काळी, मोरंड, खरडी किंवा बरडी असा मातीचा वर्ग, मग आकार, आणि या सगळ्यांत अडकवलेले ‘अमुक वल्द तमुक, कौम कुणबी, साकीन देह’ असे एक माणूस : तमुकचा मुलगा अमुक, जात कुणबी, राहणार याच गावचा. आडनाव बहुधा नसते, वय नसते, बायको-मुले नसतात. माती उत्तम की हलकी याचा तपशील माणसाच्या तपशिलाहून अधिक काळजीने दिलेला असतो, कारण सारा मातीवर बसायचा होता. तरीही बापाचे नाव आल्यामुळे या एका ओळीत दोन पिढ्या पकडल्या जातात, आणि मुलगा वारस म्हणून पुढच्या जमाबंदीत आला की तिसरी पिढी आपोआप जोडली जाते. शेतकरी घराण्याची वंशावळ जी काही सलग सापडते, ती अशी खसरा क्रमांकाला धरून सापडते. दप्तराने वंश जपला तो शेताच्या निमित्ताने.

म्हणूनच शेत गेले की वंशही दृष्टीआड होतो. वर्ध्याच्या बंदोबस्ताचे काम ज्या रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने पाहिले, तोच पुढे कापूस आयुक्त झाला, यातून त्या काळातल्या सरकारी दृष्टीचा रोख कळतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला एकाएकी भाव चढला, आणि युद्ध संपताच तो उतरला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे फाटा निघाला. मालकीचा कायम हक्क मिळालेली जमीन आता सावकाराकडे गहाण टाकता येऊ लागली, रोखीच्या पिकाने रोखीचे कर्जही आणले, आणि ज्या घरांना एखाद-दुसरे वाईट साल झेपले नाही, त्यांची शेते खसरा क्रमांक तोच ठेवून दुसऱ्या नावावर चढली. पहिले नाव कोठे गेले, हे जमाबंदी सांगत नाही. ते घर निर्वंश झाले, देशोधडीला लागले, की त्याच गावात त्याच वावरात सालदार म्हणून राबू लागले, हे कळण्यासाठी दुसरा कागद शोधावा लागतो.

सालदार किंवा सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. ही बोली गुढीपाडव्याला ठरे, काही रोख आणि काही ज्वारी असा मोबदला असे, लग्नाकार्यासाठी घेतलेली उचल पुढच्या सालात वळती होई, आणि वखरणीपासून कापसाची बंडी बाजारात नेण्यापर्यंत सारे काम त्याच्याकडे असे. मालगुजाराच्या सीरवर, म्हणजे त्याच्या घरच्या शेतीवर, असे कित्येक गडी पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्यांचा हिशेब मालकाच्या खासगी वहीत राहिला आणि वह्या वाळवीला किंवा रद्दीला गेल्या. सरकारी दप्तरात हा माणूस फक्त दोन प्रसंगी उमटला : त्याला मूल झाले तेव्हा आणि त्याच्या घरी कोणी मेले तेव्हा.

या दोन्ही प्रसंगांची नोंद कोतवाल बुकात होई. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात नेई आणि ठाण्यातला मोहरीर, म्हणजे कारकून, ती वहीत उतरवून घेई. कोतवाल बहुधा महार समाजातला आणि निरक्षर असे. गावातल्या पाटलापासून मजुरापर्यंत सगळ्या घरांच्या वंशावळीचा मोठा भाग अशा रीतीने गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या स्मरणावर आणि पायपिटीवर उभा आहे, ही गोष्ट जातीचा पुरावा शोधताना कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात, गाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच बहुधा आढळते. बारसे व्हायच्या आत खबर गेलेली असल्याने बाळाला नाव नसते. त्यामुळे एकाच बापाच्या चार मुलग्यांपैकी कोणती नोंद कोणत्या मुलाची, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेशी ताडून ठरवावे लागते, आणि जो मुलगा शाळेत गेलाच नाही त्याची नोंद तशीच अनाथ राहते.

तरीही कोतवाल बुकासारखा प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही, कारण ज्यांच्याकडून साऱ्याचा एक पैसाही येणार नव्हता, त्यांचीही मोजदाद त्याने केली. १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडी ‘छप्पन्नचा’ म्हणून राहिलेला दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. १८९१ मध्ये सुमारे ४ लाख असलेली वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ३ लाख ८५ हजारांवर उतरली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांताची गणना होते. अनेक घराण्यांच्या वंशावळीत या दोन टप्प्यांवर एकेक भावकी खुंटते, किंवा मामाच्या गावी वाढलेला एकच मुलगा पुढे चालतो. असा मुलगा ज्या गावी वाढतो तिथल्या दप्तरात ‘साकीन देह’ म्हणून येऊ लागतो आणि मूळ गाव विसरले जाते. एखादे घराणे वडनेरहून उठून दुसरीकडे गेले आणि वडनेरकर म्हणवू लागले, तर वंशजांपुढे आणखी एक पेच उभा राहतो. बुलढाण्यात वडनेर भोलजी आहे, अमरावतीत वडनेर गंगाई आहे, नाशकात वडनेर भैरव आहे, आणि नुसत्या आडनावावरून यांतले कोणते, हे सांगता येत नाही.

जमीन सुटलेल्यांपैकी पुष्कळांना हिंगणघाटने वाट दिली. सरकीपासून रुई वेगळी करणारे रेचे आणि गाठी बांधणारे प्रेस कापसाच्या हंगामात चालत. १८८० च्या आसपास तिथे बन्सीलाल अबीरचंद यांची सूत-कापड गिरणी उभी राहिली आणि शतक संपता संपता रेखचंद मोहता यांची. पावसाळ्यात शेतावर आणि हिवाळ्यात जिनात, अशी दुहेरी मजुरी करणाऱ्या घरांतून हळूहळू बारमाही गिरणीकामगार निपजला. त्याची नोंद हजेरीपुस्तकात, पगारपत्रकात आणि १९५२ च्या कायद्यानंतर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात होऊ लागली. शेताच्या कागदात बाप महत्त्वाचा होता, कारण हक्क बापाकडून येत होता. गिरणीच्या कागदात खाते आणि तिकीट क्रमांक महत्त्वाचा ठरला. मजुराचे नाव प्रथमच स्वतःच्या श्रमामुळे लिहिले गेले, मात्र त्या नावापासून मागे जाण्याचा धागा तिथे तुटला. गिरणीचे दप्तर खासगी मालकीचे असल्याने ते गिरणीच्या नशिबाशी बांधलेले राहिले. गिरणी बंद पडली की कामगाराच्या पिढीचा पुरावाही तिच्याबरोबर कुलपात जातो.

स्वातंत्र्यानंतर दप्तर पुन्हा उघडले. तेव्हाच्या मध्य प्रदेशाने केलेला मालगुजारी निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला, १९५४ च्या महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी हे नवे धारक ठरवले, आणि १९५४-५५ च्या सुमारास गावोगाव अधिकार अभिलेख तयार झाले. विदर्भातल्या जमिनीचा किंवा जातीचा शोध बहुधा या अभिलेखापाशी येऊन पोचतोच. त्याच्याच जोडीला निस्तार पत्रक आले, ज्यात गुरे चारण्याचा, सरपण आणि माती नेण्याचा, मढे पुरण्या-जाळण्याच्या जागेचा सामाईक हक्क लिहिला गेला. भूमिहीनाचे नाव त्यात नसले तरी त्याचा हक्क त्यात आहे. वर्ध्याजवळच्या पवनारहून निघालेल्या विनोबांना १९५१ मध्ये पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि १९५३ मध्ये मध्य प्रदेशात भूदानाचा कायदा झाला. ज्यांच्या पूर्वजांचे नाव जमाबंदीतून नाहीसे झाले होते किंवा तिथे कधी आलेच नव्हते, अशी काही घरे या मार्गाने जमिनीच्या कागदावर आली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, खसऱ्याच्या जागी सातबारा आला, पण पटवाऱ्याला पटवारी म्हणायचे या भागाने सोडले नाही.

या साऱ्या दप्तरात अर्धे घर जवळजवळ गैरहजर आहे. बाई तिथे ‘जौजे अमुक’ म्हणजे अमुकची बायको, किंवा ‘बेवा अमुक’ म्हणजे अमुकची विधवा म्हणून येते, आणि तीही बहुधा नवरा वारल्यावर, मुले अज्ञान असताना. प्रत्यक्षात निंदण आणि वेचणी ही कापसाची सर्वांत वेळखाऊ कामे बाईच्याच हातची होती. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याचा मानही तिचाच. मजूर म्हणून तिचे स्वतःचे नाव मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले ते रोजगार हमीच्या हजेरीपटावर, म्हणजे १९७० च्या दशकात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि काही घरांत नवऱ्याने आपण होऊन बायकोचे नाव सातबारावर चढवले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर राज्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या शासकीय कागदपत्रांत आता आईचे नाव अनिवार्य आहे. उद्या वंशावळ शोधणाऱ्याला निदान एका पिढीपुरती तरी आजी नावानिशी सापडेल. मागच्या पिढ्यांतल्या आज्या मात्र लग्नपत्रिका, लुगड्याच्या गाठीत जपलेली चिठ्ठी आणि म्हाताऱ्यांची आठवण यांतूनच मिळवाव्या लागतात.

दप्तराबाहेरही वंश राखणारे होते. भाट ठरावीक वर्षांनी येऊन घराण्याची नावे म्हणून दाखवी आणि नव्या जन्मांची भर घाली, तर नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरूच्या घरच्यांची नावे चढत. सरकारी कागद जिथे सुरू होतो त्याच्या मागे जायचे तर हेच साधन उरते. परंतु भाट दक्षिणा देणाऱ्याच्या दारी जाई आणि यात्रा ज्याला परवडे त्यालाच घडे. दुष्काळाच्या किंवा कर्जाच्या सालात भाटाची फेरी चुकली, की त्याच्या बाडातही तीच पोकळी पडते जी जमाबंदीत पडलेली असते.

शेतकरी-मजूर घराण्याच्या वंशावळीत म्हणूनच खंड हा अपवाद मानता येत नाही. खंड कोठे पडला, त्या साली पीकपाणी कसे होते, कापसाचा भाव काय होता, शेत कोणाच्या नावावर चढले, हे विचारले तर निनावी पिढीबद्दलही बरेच सांगता येते. जातवैधतेच्या नमुन्यात नावाखाली नाव आणि रेघेखाली रेघ एवढीच जागा असते. घरच्या वहीत उतरवून घेताना मात्र प्रत्येक नावापुढे तो माणूस काय करीत होता, कोणाच्या जमिनीवर आणि कोणत्या हक्काने, आणि त्याची बायको कोणत्या गावची, हे तीन रकाने वाढवता येतात. वडनेरसारख्या गावांत मालगुजारीचे अखेरचे दिवस बालपणी पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. अभिलेखागारातली मिसल पुढच्या वर्षीही मिळेल. हे तीन रकाने भरण्यासाठी लागणारी माणसे मात्र तेव्हा भेटतीलच असे नाही, म्हणून त्यांना आधी विचारावे आणि नक्कल मिळवायला कचेरीत नंतर जावे, हाच क्रम योग्य.