भिंतीच्या मापाचं चित्र

नांदेडात काय किंवा लातुरात काय, घर बांधून झालं, पीओपी झालं, सोफा आला, की मग चित्राची आठवण होते. वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते, सोफ्यामागची भिंत रिकामी असते आणि फोन येतो, "सर, पाच बाय तीन बसंल. फुटाचा भाव काय तुमचा?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. फ्लेक्स आल्यापासून मोठं चित्र म्हणजे चौरस फूट, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. हातानं पाट्या रंगवणारे आमच्याकडचे किती तरी पेंटर त्या फ्लेक्सनं घरी बसवले. तोच हिशेब माझ्या दारात आला तर नवल काय? मी भाव सांगतो आणि म्हणतो, आधी भिंत बघायला येतो.

खिडकी कुठल्या बाजूला आहे, भिंतीच्या मागं न्हाणीघर आहे का (असलं तर ओल येणार आणि कॅनव्हासला पाठीमागून बुरशी धरणार), रात्री दिवे पिवळे लावतात की पांढरे, हे सगळं मी बघून घेतो. पांढऱ्या एलईडीखाली गेरू मरतो आणि निळा नको तितका उठतो. गिऱ्हाईक मात्र तोवर सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन उभं असतं, त्याला 'मॅचिंग' हवं असतं.

सगळ्यात जास्त मागणी सात घोड्यांना. वास्तुवाल्यानं सांगितलेलं असतं की घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत, दाराकडं नकोत. रंग पांढरा, लगाम नको. कलाशाळेतले जुने मित्र हसतात. मी घोडे काढतो आणि मन लावून काढतो. घोड्यांची संख्या, रंग, दिशा सगळं ठरलेलं असलं तरी खुरांखालच्या धुळीबद्दल कोणी बोललेलं नसतं. कॅलेंडरवरची धूळ सोनेरी असते. आमच्या काळ्या रानातली चैत्रातली धूळ राखाडीत किंचित जांभळट मिसळल्यासारखी दिसते, ती मी तिथं घालतो. धुळीची, सावलीची, प्रकाशाची ऑर्डर आजवर मला कोणी दिलेली नाही. माझ्या वाट्याचं चित्र तिथंच असतं.

लातूरच्या व्यापाऱ्यांना गंज गोलाई हवी असते. 1917 मध्ये बांधलेली ती गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि गोलाईला येऊन मिळणारे 16 रस्ते. "सगळे रस्ते दिसले पाहिजेत बरं का," असं बजावलं जातं. जमिनीवर उभं राहून ते दिसत नाहीत, आणि वरून काढलं तर ड्रोनचा फोटो होतो, त्यात माणसं मुंग्यांएवढी. मी डोळा दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर धरतो. तिथून तीन-चार रस्ते नीट येतात, बाकीचे नुसत्या सावलीच्या फटींनी सुचवायचे. ज्याचं दुकान ज्या रस्त्यावर, तो रस्ता अर्थातच पुढं! नांदेडात सचखंड गुरुद्वारा काढायचा तर पंचाईत वेगळी. महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 च्या दरम्यान बांधवलेली ती इमारत दुपारच्या उन्हात इतकी पांढरी होते की नळीतला पांढरा रंग तिथं मातकट वाटतो. मग आकाश दोन पायऱ्या गडद करायचं, सावलीत निळा आणि थोडा पिवळा गेरू मुरवायचा, आणि निव्वळ पांढरा शेवटी, घुमटाखालच्या कडेला जेमतेम.

पण ज्या ऑर्डरसाठी मी बाकीची कामं बाजूला ठेवतो, ती वेगळीच असते. औसा, निलंगा भागातलं एखादं कुटुंब येतं. गुरुजी निवृत्त, लातुरात बंगला, आणि त्यांना हवा असतो गावाकडचा वाडा. तो उभा नसतो. अडीच फुटी भिंती, मातीत बसवलेले दगड, वर सागवानी तुळया, किलच आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहणारी ही माळवदाची घरं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली असताना, भूकंपात तेच माळवद माणसांवर आलं. किल्लारीसकट 52 गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. जुन्या वाड्यांचे फोटो फारसे नाहीत. असलेच तर लग्नातले. त्यात नवरा-नवरी दिसतात आणि मागं खांबाचा एक तुकडा.

अशा वेळी 'वाडा कसा दिसायचा' असं विचारून काही हाती लागत नाही. भाऊ म्हणतो लिंब दाराच्या डाव्या अंगाला, बहीण म्हणते उजव्या. मी विचारतो, "काका, दारातून आत शिरताना तुमचे वडील वाकायचे का?" त्यातून चौकटीची उंची मिळते. "मावशी, रांजण कुठं असायचा? उन्हाळ्यात दुपारी कुठं निजायचात?" त्यावरून सावली कुठवर यायची ते कळतं. मावशी सांगतात, लिंबाखाली बाज टाकली की चारच्या सुमाराला ऊन पायावर यायचं. झालं, लिंबाचा वादही मिटला. मग खणांच्या हिशेबानं आधी नकाशा काढतो आणि तो सगळ्यांसमोर ठेवतो. रंगाला हात त्यानंतर.

मापं बरोबर येऊनही पहिलं रेखाटन बघून बहुतेक जण एकच बोलतात, "लहान झाला हो वाडा." त्यांनी तो लहानपणी पाहिलेला असतो. भिंत वाढवली तर प्रमाण बिघडतं, म्हणून मी क्षितिजाची रेघ खाली आणतो, सात-आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्याइतकी. उंबरा जवळ येतो, चौकट डोक्यावर जाते, माळवदाची कड आभाळाला भिडते. एकही माप न बदलता वाडा मोठा होतो. दार उघडं ठेवतो, ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, गर्द तपकिरी अंधार, आणि त्यापलीकडं उन्हानं भरलेला चौक. स्वयंपाकघरात सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडणारा उजेडाचा पट्टा बाहेरून दिसणं शक्य नसतं, पण मावशींनी तो इतक्यांदा सांगितलेला असतो की चौकाच्या टोकाला त्याची एक तिरीप मी घालतोच.

तैलरंगाला वाळायला वेळ लागतो, आणि व्हार्निश सहा महिन्यांनी. वास्तुशांतीला चित्र भिंतीवर लागतं, व्हार्निशला मी पुन्हा जातो. तोवर नातेवाईक बघून गेलेले असतात आणि पुण्याच्या भावाला, नांदेडच्या बहिणीला तेच चित्र हवं असतं. म्हणजे कॅनव्हास प्रिंट. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 प्रती काढण्याच्या हक्काबाबत सरळ आहे. कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो, चित्रकार नव्हे. आमच्या धंद्यातल्या अनेकांना हे ऐकून धक्का बसतो. प्रिंटला नाक मुरडण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. रविवर्म्यांनी 1894 मध्ये छापखाना काढला म्हणून तर त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोचली. मी इसार घेतानाच पावतीवर लिहून घेतो की घरच्यांसाठी हव्या तितक्या प्रती काढा, विक्रीसाठी नाही. मोबाइलच्या फोटोवरून छापलं तर ढाळजेतला तपकिरी अंधार सपाट काळा होतो, म्हणून छपाईची फाइल मीच करून देतो. त्याचे पैसे वेगळे, आणि ते फुटावर नसतात.