फिरोजाबादची काच

आग्र्याहून टुंडल्याच्या वाटेने पूर्वेकडे निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरांवर फिरोजाबाद लागते. आपल्या लेकीसुनांच्या हातांतील काचेच्या बांगड्या बहुधा याच गावच्या असतात. गाव मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. हातगाड्यांवर बांगड्यांच्या राशी, कोपऱ्याकोपऱ्यांवर काचेच्या तुकड्यांचे ढीग आणि घरोघरी लहानशा ज्योतीवर बांगडीची टोके सांधणाऱ्या स्त्रिया, असे हे गाव. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात या टापूतील कारखान्यांच्या कोळशावर बंदी घातली. त्यानंतर येथील मोठ्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर चालू लागल्या.

ग्वाल्हेरकर मराठी माणसाने येथे यावे, यास बांगड्यांखेरीज आणखी एक कारण आहे. आमच्या लष्करातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पितळी बैठकीचे रॉकेलचे दिवे अजून सापडतात. पितळ शाबूत, पण चिमणी फुटलेली. काच मिळत नाही म्हणून दिवा मोडीत निघतो. ज्याच्या उजेडात आजोबांनी परवचा म्हणवून घेतला, तो दिवा पितळेच्या भावाने जावा, ही गोष्ट मनाला लागते.

एके काळी महाराष्ट्रातही काचेचे मोठे कारखाने होते. तळेगावास १९०८ साली पैसा फंडाचा कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. ओगल्यांचा तो कारखाना आता बंद आहे.

फिरोजाबादेतील एका वृद्ध दुकानदाराने मला पहिलाच प्रश्न केला, “बाबूजी, बर्नर आणला आहे ना?” मी तो पिशवीतून काढून दिला, तेव्हा ते प्रसन्न झाले. म्हणाले, “लोक दिव्याचा फोटो आणतात. फोटोवरून सोयरीक जुळत असेल, काच जुळत नाही.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. चिमणी दिव्याला बसत नाही, बर्नरला बसते. म्हणून प्रथम बर्नरवरील बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा. काच त्यात किंचित सैल बसली पाहिजे. तापल्यावर ती प्रसरण पावते आणि घट्ट पकडीत तडकते. दुसरी गोष्ट आकाराची. चपट्या वातीची ज्योत पसरट असते. तिच्याभोवती फुगीर पोटाची चिमणी हवी. गोल वातीला सडपातळ चिमणी लागते. तिला गळा असल्यास तो वातीच्या तोंडाच्या किंचित वर यावा. तिसरी गोष्ट उंचीची. चिमणी आखूड असेल तर हवेची ओढ कमी पडते, ज्योत लाल होते आणि काजळी धरते.

वरच्या शेडचे माप निराळे. ती ज्या कड्यात बसते, त्या कड्याचा व्यास घ्यावा. तिचे वरचे तोंड चिमणीपेक्षा चांगले मोठे असावे, म्हणजे उष्णतेस वाट राहते. वाचण्यासाठी दिवा लावावयाचा असेल तर दुधी काच उत्तम; ती डोळ्यांस ज्योतीची तिरीप लागू देत नाही. विकत घेण्यापूर्वी काच उजेडासमोर धरावी. बारीक बुडबुडे चालतील, चीर चालणार नाही. घरी आणल्यावर पहिली काही मिनिटे वात लहान ठेवावी, आणि तापलेल्या काचेस ओले फडके लावू नये.

मला हवी तशी चिमणी मिळाली. पण दुकानदारांनी निघताना सांगितलेली गोष्ट अधिक मोलाची आहे. एका नगासाठी जुना साचा कोणी भट्टीवर काढत नाही. दहापाच नगांची मागणी एकदम आली, तरच फुंकनळी धरणारा कारागीर त्या कामास बसतो. मागणी थांबली की साचा भंगारात जातो आणि त्या मापाची काच कायमची संपते.

वाचकहो, आपापल्या माळ्यावरील दिवे एकदा खाली उतरवा. बर्नर मोजा आणि ती मापे गावातील मराठी मंडळाकडे एकत्र करा. एकट्या घराची मागणी साचा हलवू शकत नाही; दहा घरांची हलवू शकेल.